गोठ्यातलं जर्मन

जर्मन भाषेत म्हैस पुल्लिंगी आहे. माझ्या व्याकरणाच्या पुस्तकात म्हैस नव्हतीच. गाय होती, कुत्रा होता, मांजर होतं, विमानतळ तर पानोपानी होता. म्हैस मी मोबाइलवरच्या शब्दकोशात शोधली तेव्हा ती 'तो म्हैस' होऊन समोर आली. सकाळ-संध्याकाळ जिची धार काढते तिला 'तो' म्हणायचं, हे मला काही पटलं नाही. पण भाषा शिकताना पटण्याचा प्रश्न नसतो. नर्सिंगमध्येही नसतो. सांगितलं तसं करायचं, कारण मागाहून कळतं, कधी कळतही नाही.

मी नर्स. उंब्रजला हायवे सोडून नदीकडे वळलं की आमचं गाव, आणि कऱ्हाडच्या एका दवाखान्यात ओपीडीची दिवसाची ड्यूटी. नवरा फौजेत हवालदार, रजा मिळेल तेव्हा येतो. मूल नाही. त्यावर सगळ्यांचं बोलून झालेलं आहे, त्यामुळे मी त्यात भर घालत नाही. घरात मी, सासू आणि एक म्हैस. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात, नात्यानं ती आत्या असो वा नसो. माझी नव्हती, तरी मीही आत्याच म्हणते. ऊस वाट्यानं दिलेला, त्यामुळे घरची कामं म्हणजे स्वयंपाक, वैरण, शेण आणि धार.

जर्मनीचं खूळ मिरजेहून आलं. मिरजेत नर्सिंगला असताना माझ्या खोलीत जी मुलगी होती ती तिकडे नोकरीला गेली, आणि जाताना व्याकरणाचं पुस्तक माझ्या गळ्यात घालून गेली. मिरजेत आता दवाखान्यांच्या पाट्यांच्या बरोबरीनं जर्मनच्या क्लासच्या पाट्या दिसतात. सुट्टी काढून कऱ्हाडहून रेल्वेनं मी एका क्लासला चौकशीला गेलेही होते. तिथल्या सरांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, "मुलीचं ॲडमिशन का मॅडम?" मी म्हटलं, माझंच. सर चांगले होते, हसले नाहीत. पण क्लास रोज संध्याकाळी, म्हणजे ऐन स्वयंपाक-वैरणीच्या वेळेला. तेव्हा घरीच शिकायचं ठरलं.

मला जायचं होतं. का, ते समोरच्याला पटेल असं मला कधी सांगता आलं नाही. लग्न झाल्यापासून मी एकाच रस्त्यानं जाते आणि त्याच रस्त्यानं येते, एसटीतली माणसंसुद्धा तीच. एकदा कुठेतरी नवीन म्हणून उभं राहावं, रस्ता विचारत हिंडावं, एवढीच इच्छा होती. चाळिशी जवळ आलेल्या बाईची ही इच्छा ऐकून लोक पगार किती देतात ते विचारतात.

तिकडे पाठवणाऱ्या संस्थेचं म्हणणं असं होतं की पहिल्या पातळीची परीक्षा तुमच्या तुम्ही पास व्हा, पुढचं आम्ही शिकवू. म्हणजे एक अडसर परीक्षेचा. दुसरा नवऱ्यानं फोनवर सांगितला. म्हणाला, "माझं काय नाही. पुढच्या वर्षी मी पेन्शनला येतोय, घर सांभाळीन. मधलं वर्ष आई एकटी राहील. ती हो म्हणाली तर जा, नाही म्हणाली तर विषय बंद." फौजी माणूस, हुकूम थोडक्यात देतो. आणि आईला विचारायचं काम त्यानं माझ्यावर टाकलं. खरं तर त्याला ते फोनवर जमलंही नसतं, कारण आत्यांना फोनवर धड ऐकू येत नाही. मुलाचा फोन आला तरी "बरा हायस न्हवं?" एवढं विचारून त्या मोबाइल माझ्या हातात देतात.

मी विचारलं तेव्हा आत्या जोंधळे निवडत होत्या. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "शीक की. शिकायला कोन नगं म्हनतंय? पर घरचं काम मोडायचं न्हाई. दूध वाईच जरी घटलं तर त्ये पुस्तक मी चुलीत घालीन, आत्ताच सांगून ठिवते."

जाण्याबद्दल अवाक्षर नाही. शिकायला हो होतं, जायला हो नव्हतं. मी पुन्हा विचारलं नाही. आमच्या घरात एकच गोष्ट दोनदा विचारली की उत्तर हमखास 'नाही' येतं.

मग मी शिकायला लागले. एसटीत, जेवणाच्या सुट्टीत, ओपीडीतली गर्दी ओसरल्यावर. सुरुवातीला मला वाटलं होतं, आपल्याला सोपं जाईल. इंग्रजीवाल्यांना वस्तूंना लिंग असतं हेच नवीन, आपल्याकडे तो, ती, ते जन्मापासून. विभक्ती तर शाळेत कोकलून पाठ केलेल्या, स-ला-ते, स-ला-ना-ते. पण झालं भलतंच. ज्याला काहीच येत नाही त्याची पाटी कोरी असते, माझी आधीच लिहिलेली होती. त्यांच्यात चमचा तो, काटा ती आणि सुरी ते. सूर्य ती आणि चंद्र तो. मुलगी ते! आपल्याकडेही पोरगं ते असतं म्हणून मी स्वतःची समजूत घातली, पण सूर्याचं काय करायचं? सकाळी एसटीच्या खिडकीतून ती उगवताना मी रोज बघायचे आणि रोज मला ते चुकल्यासारखं वाटायचं.

क्रियापदांनीही दमवलं. आपण क्रियापद वाक्याच्या शेवटी टाकून मोकळे होतो. जर्मन माणूस ते उचलून वाक्यात दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो. पण एकदा 'कारण' म्हटलं की तेच क्रियापद पुन्हा पार शेवटी. म्हणजे कारणं सांगायची वेळ आली की जर्मन माणूस मराठीसारखा बोलतो. हे कळलं त्या दिवशी मी फार खूश होते, ओपीडीत एका म्हाताऱ्याला मी इंजेक्शन देताना हसले म्हणून तो घाबरला. काही क्रियापदं मात्र मधून मोडतात, अर्धं पुढे आणि अर्धं वाक्याच्या टोकाला, लग्नाला गेलेल्या जोडप्यासारखी. बाप्या मांडवाच्या एका कडेला, बाई दुसऱ्या कडेला, आणि जेवण झाल्यावर एकमेकांना शोधत हिंडायचं.

शब्दांची लिंगं डोक्यात बसावीत म्हणून मी दवाखान्यातली चिकटपट्टी आणून घरातल्या भांड्यांना लावली आणि तिच्यावर तो-ती-ते जर्मनमध्ये लिहिलं. संध्याकाळी घरी आले तर सगळ्या पट्ट्या काढून उंबऱ्यावर गोळा करून ठेवलेल्या. आत्या म्हणाल्या, "भांड्यास्नी पट्ट्या कशापाय लावल्यास? जखमा झाल्यात व्हय?" त्यांचं चुकलं नव्हतं, पातेलं घासताना पट्टीचा गोंद हाताला लागत होता. मी त्या पट्ट्या वहीत चिकटवल्या.

वाचणं, लिहिणं, ऐकणं हे सगळं एकट्यानं होतं. बोलणं होत नाही. परीक्षेत बोलायला लागतं, तेही तोंड उघडून, स्पष्ट. आधी स्वतःची ओळख द्यायची. नाव, वय, देश, राहायचं गाव, येणाऱ्या भाषा, धंदा, आवड. मग समोरच्याला प्रश्न विचारायचे, मग काहीतरी विनंती करायची. मी कुणाला विनंती करणार? दवाखान्यात बोलले असते तर चहाच्या टपरीपर्यंत बातमी गेली असती. घरात आत्या. आरशापुढे बोलून पाहिलं तर मला माझंच हसू यायचं. सगळं डोक्यात होतं आणि तोंड बंद होतं.

त्याच सुमारास म्हैस व्याली आणि थोड्याच दिवसांत रेडकू गेलं.

ज्यांच्या घरी म्हैस नाही त्यांच्यासाठी सांगते. रेडकू आधी आचळाला लागतं, म्हशीला पान्हा फुटतो, मगच धार निघते. रेडकू गेलं की म्हैस दूध वर चढवते, चोरते म्हणतात आमच्याकडे. कास दगडासारखी होते, म्हैस लाथा झाडते, आणि तशीच राहिली तर हळूहळू आटते. आत्यांनी सगळे उपाय केले. पेंड वाढवली, गूळ घातला, कोमट पाण्यानं कास शेकली. म्हशीनं त्यांची धारेची कासंडी उलटवून दिली. धार माझ्याकडे आली ती त्या दिवसापासून, कारण आत्यांचं मनगट लाथेनं सुजलं होतं.

मी म्हशीच्या बरगडीला डोकं टेकून बसले. नुसतं बसून चालत नाही, म्हशीशी काहीतरी बोलावं लागतं, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. बायका आपापलं काहीबाही बोलतात, कोणी गाणं म्हणतं, कोणी सुनेच्या कागाळ्या सांगतं. मला काही सुचेना. नवऱ्याशी फोनवर बोलायलाही मला विषय पुरत नाहीत, म्हशीशी काय बोलणार? मग तोंडात होतं तेच बोलले. इश हायसं अमुक अमुक, म्हणजे माझं नाव अमुक. इश कोमं आउस इंडिएन, मी भारतातून आलेय. इश वोनं इन उंब्रज, राहते उंब्रजला. मी नर्स आहे. मला तीन भाषा येतात. एका सुरात, न थांबता, चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. म्हशीनं कान हलवले. मी विनंतीपर्यंत पोचले आणि म्हटलं, कृपया मला थोडं दूध द्या. त्यांच्यात आपल्यासारखं 'अगं' आणि 'आवं' दोन्ही आहे. म्हशीशी माझी फार ओळख नव्हती म्हणून मी 'आवं' वापरलं. आणि म्हैस पान्हवली.

चमत्काराला मी जागा देत नाही. म्हशीला एकसुरी आवाज हवा होता आणि मला ऐकणारं कुणीतरी. तिचंही कुणी उरलं नव्हतं, मीही घरभर गप्पच असायचे, जमलं आमचं. गाढवापुढे वाचली गीता म्हणतात, पण माझ्या गीतेला रोज कासंडीभर दूध येत होतं. मी पहाटे आणि संध्याकाळी, दोन्ही वेळा आख्खी परीक्षा म्हशीपुढे द्यायचे. एक शब्द अडला की हात थांबायचे, हात थांबले की म्हैस पाय हलवायची. असा कडक मास्तर मिरजेतही मिळाला नसता.

दूध घटलं नाही, उलट वाढलं. आणि आमच्या पलीकडच्या घरातली वहिनी एका संध्याकाळी भिंतीवरून डोकावली. ती आत्यांना म्हणाली, "आवं, सून म्हशीवर मंतर म्हनती म्हनं? आमची म्हस बी लय लाथा झाडाय लागलीया. येऊ द्या की वाईच तिला." मी हात धुऊन गेले. तिच्या म्हशीपुढे बसून नाव, गाव, देश सगळं सांगितलं. त्या म्हशीनं शेपटीचा फटका माझ्या तोंडावर मारला. वहिनी म्हणाली, मंतर दुसऱ्याच्या दारात चालत नसतो, आणि तिनं मला चहा दिला. गावात मात्र ते पसरलंच. मला सांगायचा कंटाळा आला, म्हणून मी मंत्रच म्हणते असं लोक समजून चालले.

परीक्षा पुण्यात होती. आदल्या दिवशी जावं लागलं, चुलत नणंदेकडे मुक्काम. सकाळची धार मी काढून निघाले, म्हणजे त्या संध्याकाळची आणि दुसऱ्या सकाळची आत्यांवर पडली. निघताना त्या दारात उभ्या होत्या. मी पाया पडले. "जपून जा," एवढंच.

वाचन, लेखन, श्रवण झालं. बोलायच्या खोलीत आम्ही चौघीजणी, बाकीच्या तिघी माझ्या निम्म्या वयाच्या, टेबलापलीकडे परीक्षक बाई आणि एक गृहस्थ. माझी पाळी आली आणि तोंडातून शब्द फुटेना. खोली स्वच्छ होती, एसी होता, कसलाही वास नव्हता. मी खाली मान घातली, डोळे मिटून बरगडी आठवली आणि टेबलाखाली माझ्या मुठी आपोआप चालू लागल्या, एक वर, एक खाली. इश हायसं म्हणाले आणि मग थांबलेच नाही. शेजारच्या मुलीनं माझ्या हातांकडे पाहिलं. तिला काय वाटलं असेल ते वाटो. विनंतीच्या चिठ्ठीवर पेनचं चित्र आलं. रोज म्हशीकडे दूध मागणाऱ्या बाईला पेन मागायला कितीसा वेळ लागतो?

संध्याकाळी एसटीतून हायवेला उतरून घरी आले तर अंगणात मीठ-मोहऱ्या जाळल्याचा वास. दोन्ही वेळा म्हशीनं आत्यांना उभं केलं नव्हतं. पलीकडच्या वहिनीनं दृष्ट लागली असं सांगितल्यावर आत्यांनी म्हशीवरून मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या होत्या. तरी थेंब नाही. मी पिशवी ठेवली, साडी खोचली आणि बसले. कास तापली होती. बोलायला लागल्यावर बऱ्याच वेळानं दूध उतरलं. आत्या गोठ्याच्या दाराला टेकून शेवटपर्यंत उभ्या होत्या. परीक्षा कशी गेली हे त्यांनी विचारलं नाही. मी कासंडी उचलली तेव्हा म्हणाल्या, "तू गेलीस म्हंजी ही म्हस आटली म्हनायची."

मला वाटलं, हेच उत्तर. आत्या सरळ नाही म्हणत नाहीत, कशाच्या तरी नावानं म्हणतात. नवऱ्यानं फोनवर विचारलं, "आई काय म्हणाली?" मी म्हटलं, म्हैस आटेल म्हणाल्या. तो हसून म्हणाला, "मग विकून टाकू म्हशीला." मी फोन ठेवला. त्याला सीमेवर बसून विनोद सुचतात.

निकाल मोबाइलवर आला. पास. चांगल्या गुणांनी. ओपीडीच्या मागच्या जिन्यावर जाऊन मी तो पुन्हा पुन्हा उघडून पाहिला. कुणाला सांगावं असं वाटलं तेव्हा आधी म्हैस आठवली, याची थोडी लाज वाटली. घरी येऊन आत्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं झालं," आणि भाकरी उलटली. पुस्तक चुलीत गेलं नाही, पण जाण्याचा विषयही कुणी काढला नाही. संस्थेच्या बाईंचा फोन आला, पुढच्या तुकडीत तुमचं नाव घालायचं का, हो की नाही कळवा. मी थोडे दिवस मागून घेतले.

ते दिवस वाईट गेले. आत्या माझ्याशी नेहमीसारख्या बोलायच्या, म्हणजे कामापुरत्या. पण धारेच्या वेळी रोज काहीतरी निमित्त काढून गोठ्यात यायच्या. कधी शेण भरायला, कधी गव्हाण झाडायला, कधी नुसत्याच दावं तपासायला. मला वाटायचं, दूध किती निघतंय त्यावर पहारा ठेवतायत. मला त्यांचा राग यायचा. मी मुद्दाम हळू, तोंडातल्या तोंडात बोलायला लागले, तर एक दिवस खराटा थांबवून म्हणाल्या, "वाईच मोठ्यानं बोल की. म्हशीला ऐकू याय नगं व्हय?" मी मोठ्यानं बोलले. अंगात राग होता म्हणून उच्चार चांगले झाले.

शेवटी मी ठरवून टाकलं. नाही कळवायचं. म्हाताऱ्या बाईला वर्षभर एकटं टाकून, वर तिची म्हैस आटवून जायचं, आणि तिकडे जाऊन नवीन म्हणून उभं राहायचं, हे मला झेपलं नसतं. ठरवल्यावर हलकं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही. सोमवारी फोन करायचा होता.

शनिवारी संध्याकाळी कऱ्हाडहून निघालेली एसटी हायवेवर अडकली. उसाचा हंगाम, दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर आडवा होऊन ऊस रस्त्यावर पसरला होता आणि मागे लांबच लांब रांग. लोक उतरून ऊस मोडून खात होते. मी आत्यांना फोन लावला, उशीर होतोय, धार काढू नका, मी आल्यावर बघते. पलीकडून "व्हय, व्हय" आलं आणि फोन बंद. काय ऐकू गेलं देव जाणे. अंधार पडायला लागला. मला म्हशीच्या कासेची काळजी लागली, आणि आत्यांच्या मनगटाची.

फाट्यावर उतरून जवळजवळ पळतच घरी आले. अंगणात कुणी नाही. गोठ्यात दिवा होता. मला वाटलं, पुन्हा कासंडी उलटली असणार. दारापाशी आले आणि थांबले.

आत्या म्हशीखाली बसल्या होत्या. डोकं बरगडीला टेकलेलं, अगदी मी बसते तसं. धारेचा आवाज येत होता, भरलेल्या कासंडीत पडणारा, जाड. आणि त्या बोलत होत्या. "इश हायसं," म्हणाल्या आणि त्यापुढे माझं नाव. माझं वय सांगितलं, आकड्यात चुकून. "इश कोमं आउस इंडिएन. इश वोनं इन उंब्रज." आमच्या बाजारात भाजी मागावी तसं जर्मन होतं ते, हेल सगळा कृष्णाकाठचा. दोन वाक्यांमध्ये मी जिथे श्वास घेते तिथेच त्या श्वास घेत होत्या. एवढे दिवस त्या दुधावर पहारा ठेवत नव्हत्या. पाठ करत होत्या.

"इश श्प्रेशं मराठी, हिंदी," आत्या म्हणाल्या आणि अडल्या. पुन्हा म्हणाल्या, "मराठी, हिंदी." हात थांबले. म्हशीनं पाय हलवला. तेवढ्यात त्यांनी मला पाहिलं. लाजल्या नाहीत, दचकल्या नाहीत.

"बघत काय हुबी ऱ्हायलीस?" म्हणाल्या. "हिंदीच्या फुडं काय म्हनतीस तू? हितंच दर येळी अडतंय बघ माझं."

मी म्हटलं, "उंड आइन बिस्शन डॉइच."

त्यांनी ते तोंडात घोळवून दोनदा म्हटलं. धार पुन्हा सुरू झाली. मग त्यांनी विचारलं, "म्हंजी काय गं?" इतक्या दिवसांत त्यांनी पहिल्यांदाच अर्थ विचारला होता.

"आनि वाईच जर्मन," मी म्हटलं. "मला मराठी येती, हिंदी येती, आनि वाईच जर्मन."

"मंग ह्ये मी म्हटलं तरी खोटं न्हाई," आत्या म्हणाल्या, आणि कासेकडे वळल्या. मला वाटलं झालं. पण म्हशीच्या पोटाआडून पुन्हा आवाज आला. "त्याच्या फुडचं बी समदं नीट सांगून जा. तिकडनं फोनवर सांगशील तर मला काय ऐकू यायचं न्हाई."

मला रडू आलं. मी म्हशीच्या पलीकडच्या अंगाला, त्यांना दिसणार नाही अशी गेले, आणि तिथून पुढचं सांगायला लागले.